डिझेलचं रजिस्टर

पहिल्या दिवशी माझ्या टेबलावर काय येईल याची मी बरीच कल्पना करून ठेवली होती. साक्षीदारांचे जबाब, कबरींचे फोटो, निदान एखादा नकाशा. आलं ते डिझेलचं रजिस्टर. एका लष्करी तुकडीच्या वाहनतळावर कोणत्या गाडीला किती लिटर इंधन दिलं, कोणी दिलं, कोणी घेतलं, याची हातानं लिहिलेली वही. म्हणजे वहीसुद्धा नाही, तिच्या स्कॅन केलेल्या चारशेच्या वर पानांच्या प्रती. सोबत एक कोरी एक्सेल शीट आणि एक दुभाषा, तोही आठवड्यातून दोनच दिवस वाट्याला येणारा.

"यातून काय शोधायचंय?" मी विचारलं.

"आधी सगळं भर. काय सापडलं ते मग तूच मला सांगशील."

हे सांगणाऱ्या आमच्या गटाच्या सीनियर ट्रायल लॉयर होत्या. मायदेशात पंधरा-सोळा वर्षं खुनाचे खटले चालवून आलेल्या. आमच्या कार्यालयात सगळेच एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात, मीही मारायचे, पण मनातल्या मनात त्या कायम 'बाई'च राहिल्या. वही तपासायला घेतात तेव्हा पोटात गोळा यावा अशा बाई.

आंतरराष्ट्रीय फौजदारी खटल्यांत मी फिर्यादी पक्षाकडून अकरा वर्षं काम केलं. कोणत्या न्यायाधिकरणात, कोणत्या खटल्यात, ते लिहिणार नाही. गोपनीयतेच्या कागदावर सही आहे, आणि साक्षीदारांना शब्द दिलेला आहे. म्हणून माझ्या स्वतःच्या आठवणींतल्या ओळखीच्या खुणा मी पुसून टाकल्या आहेत. बाकी ज्या खटल्यांची नावं घेते आहे, त्यांची निकालपत्रं कुणालाही वाचता येतात.

आमच्या कार्यालयात दोन शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडायचे. क्राइम बेस आणि लिंकेज. क्राइम बेस म्हणजे काय घडलं ते: कोणतं गाव, कोणती तारीख, किती माणसं, कशी मारली. लिंकेज म्हणजे या सगळ्याशी कोर्टात समोर सूट घालून बसलेल्या माणसाचा संबंध काय. साध्या खुनाच्या खटल्यात कोणी मारलं, हाच प्रश्न असतो. इथे कोणी मारलं हे पुष्कळदा कळतच नाही, आणि कळलं तरी तो माणूस आरोपी नसतो. आरोपी त्या दिवशी दीडशे किलोमीटर लांब आपल्या कार्यालयात होता. त्यानं कुणाच्या अंगाला बोट लावलेलं नाही. लेखी हुकूम दिला असला तरी तो जाळलेला आहे. मग त्याच्यापर्यंत पोचायचं कसं? ट्रकवरून. ट्रक कोणाचे, ते कोणी पाठवले, त्यांत डिझेल कोणी भरलं, डिझेल हवं म्हणून फोन कोणी केला.

हे काही माझ्या कल्पनेतलं नाही. स्रेब्रेनिकाचा खटला असाच उभा राहिला. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या या गावाच्या पाडावानंतर काही दिवसांत सात-आठ हजार मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. मारेकऱ्यांनी आधी मोठ्या कबरी खणल्या, आणि मग शरद ऋतूत यंत्रं आणून त्याच कबरी उकरल्या, अवशेष ट्रकांत भरून लांब लांब ठिकाणी पुन्हा पुरले. त्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन-दोन कबरींत सापडली. तपास करणाऱ्यांनी मग मातीचे नमुने, काडतुसांच्या पुंगळ्या, डोळ्यांवर बांधलेल्या पट्ट्यांचं कापड असं सगळं जुळवत कोणती दुसरी कबर कोणत्या पहिल्या कबरीतून आली ते ठरवलं. काहींच्या मनगटावर स्वयंचलित घड्याळं होती. हाताची हालचाल थांबली की अशी घड्याळं एक-दोन दिवसांत बंद पडतात. त्यांच्या तबकडीवर थांबलेला वार आणि तारीख जुलै १९९५ मधल्या त्या दिवसांशी जुळत होती. आणि त्या उकराउकरीच्या वेळचा एक कागद पुराव्यात आला. सप्टेंबरच्या मध्यात बोस्नियन सर्ब सैन्याच्या मुख्यालयानं पाच टन डिझेल मंजूर केलं होतं, त्या भागातल्या 'अभियांत्रिकी कामां'साठी.

पाच टन डिझेल. हे मी वाचलं तेव्हा माझ्या टेबलावरच्या त्या कंटाळवाण्या रजिस्टरकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं.

त्याच प्रकरणात या सैन्याच्या द्रिना कोअरचा जनरल रादिस्लाव्ह क्रिस्तिच याला २ ऑगस्ट २००१ रोजी वंशसंहारासाठी ४६ वर्षांची शिक्षा झाली. २००४ साली अपिलात ती ३५ वर्षांवर आली. का? अपिलाच्या न्यायाधीशांनी म्हटलं की वंशसंहार झाला यात शंका नाही, त्याच्या हाताखालची माणसं आणि साधनं त्यात वापरली जात आहेत हे त्याला ठाऊक होतं, पण तो हेतू त्याच्या स्वतःच्या मनात होता हे सिद्ध झालेलं नाही. म्हणून तो साहाय्य करणारा, स्वतः वंशसंहार करणारा नव्हे. वर्तमानपत्रात ही बातमी 'शिक्षा घटली' एवढीच येते. आमच्या धंद्यातला माणूस मात्र त्या एका वाक्यावर आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत वाद घालतो. माहीत असणं आणि मनात असणं यांच्या मधली जागा मोजून दाखवायची, तीही कागदांवरून. माझं आजही मत आहे की ते अपिलाचे न्यायाधीश बरोबर होते. हे बोलले की फिर्यादी पक्षातले काही जुने सहकारी माझ्याकडे रागानं बघायचे.

कागदांचा विषय निघाला की बेंजामिन फेरेन्झ यांचं नाव येतंच. न्यूरेंबर्गमध्ये नाझी नेत्यांवरच्या मुख्य खटल्यानंतर जे खटले चालले, त्यांत आइन्झाट्सग्रुपेन म्हणजे फिरत्या मारेकरी पथकांचा खटला त्यांनी चालवला, वयाच्या २७व्या वर्षी. आयुष्यातला पहिलाच खटला. त्यांच्या माणसांना बर्लिनमध्ये या पथकांचे रोजचे अहवाल सापडले होते. कोणत्या गावात किती ज्यू मारले, जिप्सी किती, आकड्यांसकट, शिक्क्यांसकट. फेरेन्झ बेरजेचं यंत्र घेऊन बसले आणि दहा लाखांचा आकडा ओलांडल्यावर थांबले. वरिष्ठांकडे गेले तर ते म्हणाले, नव्या खटल्यासाठी माणसं नाहीत, पैसे नाहीत. मग मीच करतो, असं म्हणून यांनी तो अंगावर घेतला. फिर्यादी पक्षाची बाजू दोन दिवसांत संपली. एकही साक्षीदार नाही, फक्त कागद. २२ आरोपी, २२ही दोषी. १४ जणांना फाशी सुनावली गेली, प्रत्यक्षात चौघांना झाली. अंगानं बुटके होते म्हणून कोर्टात पुस्तकांच्या चवडीवर उभं राहून बोलत, असं सांगतात.

२०११ च्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातल्या पहिल्या खटल्यात, काँगोतला बंडखोर नेता थॉमस लुबांगा याच्या, फिर्यादी पक्षाच्या समारोपाला फेरेन्झ बोलायला उभे राहिले. वय ९१. या न्यायालयाचं प्रक्षेपण अर्धा तास उशिरानं दाखवतात, कुणाच्या तोंडून संरक्षित साक्षीदाराचं नाव निसटलं तर कापता यावं म्हणून. तो अर्धा तास उशिराचा फेरेन्झ मी पाहिला. भाषण आता फारसं आठवत नाही. हात थरथरत नव्हते, हे आठवतं. २०२३ साली, १०३ व्या वर्षी ते गेले.

या क्षेत्रात कसं यायचं, असं पुष्कळ विद्यार्थी विचारतात, म्हणून तेही उरकून टाकते. कायद्याची पदवी, नंतर फौजदारी कोर्टात प्रत्यक्ष काम. माझं पाच वर्षांचं होतं आणि गंमत म्हणजे सगळं बचाव पक्षाकडून. मग आंतरराष्ट्रीय कायद्यात मास्टर्स. मग बिनपगारी इंटर्नशिप, आणि ती परवडत नाही म्हणून गळणारी हुशार मुलं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. या क्षेत्राला त्याची लाज वाटायला हवी. मग पी-२ दर्जाची, म्हणजे खालच्या पायरीवरची जागा, सहा-सहा महिन्यांच्या करारांवर. सीनियर ट्रायल लॉयर म्हणजे पी-५, तिथपर्यंत फार थोडे पोचतात. इंग्रजी चालतं पण फ्रेंच येत असेल तर दारं दुप्पट उघडतात, कारण हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कामकाजाच्या भाषा या दोनच आहेत. मुख्य अभियोक्त्याची निवड सदस्य देश करतात, एकदाच, नऊ वर्षांसाठी. त्या खुर्चीचं स्वप्न बघत इथे येऊ नका. मी पाहिलेल्या चांगल्या वकिलांपैकी एकानंही ते पाहिलेलं नव्हतं. आधी खून, दरोडे, बलात्कार यांचे साधे खटले चालवा. नुसत्या परिषदांमधून तयार झालेला माणूस पहिल्या उलटतपासणीत उघडा पडतो.

साक्षीदारांकडे जाणं हा या नोकरीतला असा भाग आहे की तो कुठे शिकवत नाहीत. एक तपास अधिकारी, एक वकील, एक दुभाषा. साक्षीदार बोलणार, दुभाषा सांगणार, मी टंकणार, संध्याकाळी दुभाषा सगळं साक्षीदाराच्या भाषेत परत वाचून दाखवणार, मग प्रत्येक पानावर सही. एका दिवसात आठ पानं झाली तर खूप.

रवांडासाठी टांझानियातल्या अरुशाला जे न्यायाधिकरण होतं, तिथला ज्याँ-पॉल अकायेसूचा खटला आम्हाला नव्यानं आल्यावर वाचायला देत. हा ताबा नावाच्या भागाचा बर्गोमेस्त्र, म्हणजे महापौरच. खटला १९९७ च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हा आरोपपत्रात बलात्काराचा शब्द नव्हता. एक साक्षीदार, निकालपत्रात तिला फक्त 'जे' म्हटलं आहे, दुसऱ्याच गोष्टींची साक्ष देत असताना बोलता बोलता सांगून गेली की तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला होता. मग आणखी एक साक्षीदार बोलली. न्यायपीठावर एकच स्त्री होती, दक्षिण आफ्रिकेच्या नवनीतम पिल्ले. न्यायाधीशांनी प्रश्न विचारले, जूनमध्ये आरोपपत्र बदललं, आणि २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात एका आंतरराष्ट्रीय न्यायालयानं पहिल्यांदा कुणालातरी वंशसंहारासाठी दोषी धरलं, आणि बलात्कार हेही वंशसंहाराचं साधन असू शकतं असं म्हटलं. फिर्यादी पक्षाच्या तपासात ही बाब मुळात का आली नव्हती? 'कुणी विचारलंच नाही' हे अर्धं उत्तर झालं. विचारणाऱ्याच्या हातात प्रश्नांची यादी होती आणि त्या यादीत ते नव्हतं, हे उरलेलं अर्धं.

त्या निकालपत्रात एक भाग निव्वळ भाषेवर आहे. किन्यारवांडात बलात्कारासाठी साक्षीदारांनी वापरलेले चार वेगवेगळे शब्द, आणि त्यांतला कोणता कुठे कसा घ्यायचा याची चर्चा. तिथेच न्यायाधीश असंही नोंदवतात की अनेक साक्षीदारांना तारखा, अंतरं, नकाशे सांगणं जड जात होतं, आणि त्यावरून ते खोटं बोलतात असं मानू नये. मराठीत 'हात लावला' या दोन शब्दांत काय काय मावतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा भाग वाचताना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मी पहिल्या दौऱ्यानंतर एक सवय लावून घेतली. यादीतले प्रश्न संपले की लॅपटॉप मिटायचा आणि म्हणायचं, मी काही विचारायचं विसरले का? निम्म्या वेळा उत्तर 'नाही' असतं. उरलेल्या निम्म्या वेळांत लॅपटॉप परत उघडावा लागतो.

आता माझी चूक.

रजिस्टर भरायला मला नऊ महिने लागले. कारण त्या वहीची सवय होत नव्हती. कारकुनाचं अक्षर सुरेख, पट्टीनं आखलेले रकाने, पण नोंदी तारखेच्या क्रमानं नाहीत, पुढेमागे. तरीही सातव्या महिन्यात ती ओळ सापडली. आरोपीच्या हाताखालच्या एका ट्रकला १७ तारखेला १८० लिटर. त्याच रात्री एका शाळेतून माणसांना ट्रकांत घालून नेलं होतं आणि ती परत आली नव्हती. क्राइम बेस भक्कम होता, लिंकेज नव्हतं. आता होतं. बाई पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी स्वतः चालत आल्या, ओळ पाहिली, आणि "बरं" म्हणाल्या. त्यांच्या तोंडचं 'बरं' म्हणजे पदकच. माझा तक्ता खटल्यापूर्वीच्या निवेदनाला जोडला गेला, बचाव पक्षाला दिला गेला.

दीड वर्षानं तो कारकून सापडला. म्हातारा झालेला, साध्या कपड्यांतला, आमच्याशी बोलायला तयार. आम्हाला त्याच्याकडून फक्त 'ही वही माझी, हे अक्षर माझं' एवढं हवं होतं. मी त्याच्यापुढे पान ठेवलं. त्यानं चश्मा लावला, हो म्हणाला, अक्षर माझंच, आणि मग बोट ठेवून दुभाष्याला काहीतरी म्हणाला. दुभाषा माझ्याकडे बघायला तयार होईना.

"ते म्हणतात, हे सतरा नाही. अकरा आहे."

तिकडे एक या आकड्याच्या डोक्याला वर जाणारी लांब शेंडी काढतात. सात लिहिला की त्याच्या पोटात आडवी रेघ मारतात, दोन्हींत गोंधळ होऊ नये म्हणून. त्यानं कागदाच्या कोपऱ्यावर दोन्ही काढून दाखवले, बालवाडीतल्या मुलाला दाखवावेत तसे. ती आडवी रेघ त्या नोंदीत नव्हती. स्कॅन फिकट होता, मी धरून चालले की रेघ पुसट झाली असेल. मूळ वही आमच्याच इमारतीत दोन मजले खाली, पुराव्याच्या तिजोरीत होती. नऊ महिन्यांत एकदाही खाली जाऊन मी ती उघडली नव्हती. आणि क्रम चुकीचा का, तर इंधनाच्या चिठ्ठ्या साठवून ठेवायच्या आणि वेळ मिळेल तेव्हा एकदम भरायच्या, ही त्याची पद्धत होती. ११ तारखेला ट्रकमध्ये डिझेल भरलं होतं. त्या दिवशी कुठेही काही घडलेलं नव्हतं.

(आपल्याकडचा ४ परदेशी माणसाला आठ वाटतो, हे मला त्या आधीच कळायला हवं होतं. माझ्या टिपणवहीतले देवनागरी आकडे वाचून एका सहकाऱ्यानं चुकीच्या पानांच्या प्रती काढल्या होत्या आणि मी पोट धरून हसले होते.)

बाईंना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "जबाबात घेतलंस?" हो म्हटलं. "त्याची सही?" हो. "मग ये परत. बचाव पक्षाला पत्र लिहायचंय."

रोम संविधीचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या करारानं उभं राहिलं त्याचं, कलम ५४ म्हणतं की अभियोक्त्यानं आरोपीच्या विरुद्ध जाणाऱ्या आणि त्याच्या बाजूच्या बाबींचा सारखाच तपास करायचा. इतर न्यायाधिकरणांच्या नियमांतही आरोपीला उपयोगी पडणारं काही हाती लागलं तर ते बचाव पक्षाला देणं बंधनकारक आहे. कागदावर हे फार शोभून दिसतं. लुबांगाच्या खटल्यात २००८ साली न्यायाधीशांनी सगळा खटलाच थांबवला होता, का तर फिर्यादी पक्षाकडे आरोपीच्या उपयोगाचे कागद होते, पण ते गोपनीयतेच्या अटीवर मिळवलेले असल्यामुळे देता येत नव्हते. जगातल्या पहिल्या कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा पहिला खटला, आणि सुरू व्हायच्या आधीच ठप्प. शेवटी तो जानेवारी २००९ मध्ये सुरू झाला, तर पहिल्याच साक्षीदारानं, एका माजी बालसैनिकानं, सकाळी एक सांगितलं आणि दुपारी ते सगळं खोटं असल्याचं सांगितलं. दोनेक आठवड्यांनी परत आला आणि साक्ष दिली. निकालात न्यायाधीशांनी अशा मुलांच्या साक्षींवर जवळपास भर दिलाच नाही. त्यापेक्षा रवाम्पारा इथल्या प्रशिक्षण छावणीतल्या एका व्हिडिओवर दिला. त्यात लुबांगा स्वतः बोलताना दिसतो, आणि समोर उभी असलेली मुलंही दिसतात.

आम्ही पत्र लिहिलं. मग मूळ वही वर आणून आम्ही तिघांनी प्रत्येक नोंद पुन्हा तपासली. आणखी नऊ चुका निघाल्या. दोन आमच्या फायद्याच्या होत्या, त्याही कळवल्या. त्या रात्रीचा आरोप मागे घेतला गेला. बाकीचे राहिले.

आरोप मागे घेतला की त्या प्रसंगाच्या साक्षीदारांना कळवावं लागतं. ते काम मी मागून घेतलं. शाळेतून नेलेल्यांपैकी एकाच्या बहिणीला मी फोन केला, मध्ये दुभाषा. जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग तिनं विचारलं, "म्हणजे माझा भाऊ त्या रात्री मेला नाही, असं तुमचं म्हणणं आहे?"

नाही, म्हटलं, तो त्याच रात्री गेला, त्याबद्दल शंका नाही. ट्रक कोणी पाठवले तेवढं आम्हाला सिद्ध करता येत नाही.

"पण ट्रक तर आले होते."

हो, आले होते.

दुभाषानं हे शेवटचं भाषांतर करायच्या आधीच तिनं फोन ठेवला होता. मला वाटतं, तिला माझा 'हो' कळला असावा. नक्की सांगता येत नाही.

या कामात हरणं म्हणजे नेहमी निकाल विरुद्ध जाणं नसतं. सर्बियाचा माजी अध्यक्ष मिलोसेविच याचा खटला २००२ मध्ये सुरू झाला आणि मार्च २००६ मध्ये तो कोठडीत मेला. चार वर्षांचं काम, निकालच नाही. केनियाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवरचे आरोप डिसेंबर २०१४ मध्ये मागे घेतले गेले. काँगोचा माजी उपाध्यक्ष बेम्बा याला २०१६ मध्ये दोषी धरलं, २०१८ मध्ये अपिलात सोडलं. आणि न्यायालयाकडे स्वतःचा एकही पोलिस नाही, हे लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. वॉरंट काढायचं आणि कुठलं तरी सरकार पकडून देईल याची वाट बघायची. बोस्नियन सर्बांचा नेता कराजिच याच्यावर १९९५ मध्ये आरोप ठेवले, तो सापडला २००८ मध्ये, बेलग्रेडमध्ये, पांढरी दाढी वाढवून, खोट्या नावानं पर्यायी उपचार करत. त्यांचा लष्करप्रमुख म्लादिच त्यानंतर तीन वर्षांनी. तोवर वकील बदलतात, न्यायाधीश बदलतात, साक्षीदार म्हातारे होतात. फातू बेन्सूदा मुख्य अभियोक्ता असताना २०२० मध्ये अमेरिकेनं त्यांच्यावरच निर्बंध घातले होते. आमच्या कँटीनमध्ये त्यावर जे विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

लोकांना वाटतं, रात्री झोप कशी येते ते विचारावं. येते. व्हिडिओ बघायचे असतील तर पहिल्यांदा आवाज बंद करून, खिडकी लहान करून बघायचे, काय येणार आहे ते कळलं की मग आवाज लावायचा, असं एका विश्लेषकानं शिकवलं. दिवसाचं शेवटचं काम म्हणून कधीही नाही. मला त्रास झाला तो व्हिडिओंचा कमी आणि आकड्यांचा जास्त. कित्येक वर्षं कुठेही हातानं लिहिलेला सात दिसला की मी त्याचं पोट तपासायचे.

कारकून कोर्टात आला. चेहरा झाकलेला, आवाज बदललेला, नावाऐवजी क्रमांक. बाईंनी त्याला पडद्यावर पान दाखवलं आणि विचारलं, हे अक्षर तुमचं आहे का. बदललेल्या, घोगऱ्या आवाजात तो म्हणाला, "अक्षर माझं आहे. पण मी इतकं घाणेरडं लिहीत नव्हतो, तुमची प्रत वाईट आहे." न्यायाधीशही हसले. बाईंनी मूळ वही मागवली, आणि उरलेली साक्ष तीवरून झाली. उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलानं साहजिकच माझा जुना तक्ता काढला आणि तासभर त्यातल्या एकेका चुकीवर बोट ठेवलं. मी मागच्या रांगेत बसून टिपणं घेत होते. त्यानं छान केली उलटतपासणी. मी बचाव पक्षात राहिले असते तर अशीच केली असती.

निकाल लागला तेव्हा मी ती नोकरी सोडायच्या बेतात होते. निकालपत्र सहाशे पानांच्या वर. सारांश वाचला गेला त्यात रजिस्टरचा उल्लेख नव्हता. नंतर मी शोधलं, तेव्हा ते एका तळटीपेत सापडलं: दुसऱ्याच एका तारखेसाठी, दुसऱ्याच एका ट्रकसाठी, पुराव्याचा क्रमांक, पान ४४, आणि कंसात कारकुनाचा साक्षीदार क्रमांक. नऊ महिने, दीड ओळ.

शेवटच्या आठवड्यात मी तिजोरीत गेले आणि वही मागितली. पान ४४ उघडून पाहिलं. नोंद होती, आकडे स्पष्ट होते, सात होता आणि त्याच्या पोटात रेघ होती. मग वही परत दिली. तिथे बाहेर एक नोंदवही असते: कोणी काय मागितलं, कधी, कधी परत केलं. मी नाव लिहिलं, सही केली. तारखेत दोन एक होते. दोन्ही मी नुसत्या उभ्या रेघा काढल्या, शेंडीशिवाय.